विंडोज १० गेलं म्हणून चालतं मशीन भंगारात का द्यायचं? लिनक्स टाका

गोदाकाठ
विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून नाशकात ज्याला विचारावं तो नवीन मशीन घ्यायला सांगतो. मला हे पटत नाही. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. थोडे अपवाद सोडले तर सातव्या पिढीला दार बंद. त्यातल्या कित्येक मशीनमध्ये टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप) आहे, तरीही यादीत नाव नाही म्हणून नकार! आठ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर तेच मशीन लिनक्स मिंटवर, म्हणजे विंडोजऐवजी टाकायच्या मोफत सिस्टीमवर, मस्त चालतं. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार, तेही फुकट. सिडको-पंचवटीतल्या घरांत कॉम्प्युटरवर होतं काय? मुलांचा अभ्यास, वीजबिल, सातबारा, एखादा ऑनलाइन अर्ज. सगळं ब्राउझरमध्ये. केरळच्या सरकारी शाळांत मुलं कित्येक वर्षं लिनक्सवर शिकतायत. मग इथल्या पालकांना नव्या लॅपटॉपच्या हप्त्यांत कशाला अडकवायचं?

ताळेबंद
घरचं सोडा, ऑफिसचं बोला. हिशेबाचं टॅली विंडोजसाठीच बनतं. लिनक्सवर वाइनमधून (विंडोजचे प्रोग्राम चालवणारी सोय) चालवता येतं म्हणतात, पण २० तारखेला जीएसटीचं ३बी रिटर्न भरायचं असताना मी पक्षकारांच्या वह्यांवर असले प्रयोग करणार नाही. शिवाय डिजिटल सहीचं टोकन, त्याचा ड्रायव्हर. विंडोजवरच ते जुळवताना नाकी नऊ येतात.

छापखाना
ताळेबंद यांच्याशी सहमत. आमच्या धंद्यात लग्नपत्रिकांपासून स्मरणिकांपर्यंत सगळ्या जुन्या फायली पेजमेकर, कोरल या मांडणीच्या प्रोग्राममध्ये आणि श्री-लिपीच्या मराठी फाँटमध्ये आहेत. फाँट युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखे वाचता येणारे, नाहीत. लिनक्सवरच्या लिबरऑफिसमध्ये उघडलं की नुसती अगम्य चिन्हं. मिंटमध्ये मराठी टायपिंगचे इनस्क्रिप्ट, फोनेटिक दोन्ही कीबोर्ड मिळतात हे मान्य, पण त्यानं जुना मजकूर वाचता येत नाही. आणि ऑफिसा-ऑफिसांत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर? त्याचा ड्रायव्हर लिनक्सवर बसवणं फार कटकटीचं आहे.

गोदाकाठ
छापखाना, तुमच्यासाठी माझा आग्रह नाहीच. ते मशीन विंडोजवरच ठेवा, फक्त इंटरनेटची वायर काढा आणि मेलसाठी दुसरं वापरा. ताळेबंद साहेब, टॅलीचा मुद्दाही मान्य. पण तुमच्या एका मशीनच्या अडचणीवरून गल्लीतल्या सगळ्या घरांना नवीन लॅपटॉप घ्यायला लावणं मला पटत नाही.

सातपूरकर दुरुस्ती
दोघांनाही सांगतो, मधली वाट आहे. घरगुती विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या सुरक्षा अपडेटची सोय मायक्रोसॉफ्टनं दिली. मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला की पैसेही लागत नाहीत. रुफस नावाच्या प्रोग्रामनं पेनड्राइव्ह बनवून अट चुकवत ११ टाकून देणारेही आहेत. मी ते गिऱ्हाइकाला करून देत नाही. अशा मशीनला पुढं अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही, आणि उद्या बंद पडलं तर माणूस माझ्याच दारात येणार.

अपडेट नसलेलं मशीन नेटवर ठेवायचं नाही, यावर मात्र मी ठाम आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस पसरला, तेव्हा त्याची दुरुस्ती मार्चमध्येच येऊन पडली होती. ज्यांनी ती टाकली नाही त्यांच्या फायली कुलूपबंद झाल्या.

गोदाकाठ
सातपूरकर दादा, ती सोय वर्षभराची. त्यानंतर प्रश्न तिथंच.
मिंट टाकणाऱ्यांना एक कळकळीची सूचना: आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. इन्स्टॉल करताना 'इरेज डिस्क' निवडलंत तर सी बरोबर डी ड्राइव्हही जातो. आपल्याकडे लग्नाचे फोटो 'डी मध्ये सुरक्षित' असतात! ते आधी बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या, उघडून पाहा, मगच पुढं जा. दोन्ही सिस्टीम शेजारी ठेवणार असाल तर बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.

ताळेबंद
एवढं सगळं सासूबाईंनी करायचं? मिंटवर अडकलं तर फोन कुणाला लावायचा? विंडोज टाकून देणारा माणूस चौकाचौकात मिळतो. लिनक्सवाला कॉलेज रोडवर एक तरी दाखवा, मग मी घरचं मशीन देतो.

सातपूरकर दुरुस्ती
मी टाकून देतो. डेटा आधी काढून आणा.