लॅपटॉप प्रचंड तापतोय, स्वतः उघडून साफ करावा का?

पावसाळी_ढग:
मंडळी, लॅपटॉप तापण्याबद्दल इकडेतिकडे बरंच वाचलंय पण माझ्या बाबतीत नक्की काय करावं ते ठरत नाहीये म्हणून सविस्तर विचारतोय. लॅपटॉप जुना आहे, वॉरंटी कधीच संपलीय. हल्ली ब्राउझरमधे दोन-चार टॅब उघडले तरी फॅन सुसाट सुटतो, कीबोर्डची वरची डावी बाजू हात ठेववत नाही इतकी तापते आणि व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की सुरुवातीला नीट चालतं मग एकदम सगळं गोगलगाय. अधूनमधून तर धाडकन बंदच पडतो. एचडब्ल्यूमॉनिटर हा तापमान दाखवणारा प्रोग्राम टाकून बघितलं तर काहीच चालू नसताना 60-65 आणि काम दिलं की 98-99 डिग्री दाखवतंय. आणखी एक, फॅन एवढा ओरडतो पण जाळीपाशी हात धरला तर हवा अगदीच मंद लागते. मी आजवर कुठलाही लॅपटॉप उघडलेला नाही, त्या पातळ रिबन केबल तुटतील याचीच भीती वाटते. उघडून साफ करणं मला जमेल का आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता तांब्यापर्यंत नेणारा मधला लेप) बदलावीच लागते का?

उलटा_स्क्रू:
हात धरून हवा बघितलीत ते फार बरं केलंत, निदान निम्मं तिथेच झालं. फॅन जोरात फिरतोय आणि हवा बाहेर येत नाहीये म्हणजे वाट तुंबलीय. आत काय असतं बघा, प्रोसेसरवर तांब्याची पट्टी बसवलेली असते, ती उष्णता उचलून कडेला नेते आणि तिथे अगदी जवळजवळ बसवलेल्या पातळ पत्र्यांच्या फटींतून फॅन हवा ढकलतो. धूळ, केस, कपड्यांचे तंतू हे सगळं त्या फटींच्या आतल्या तोंडाशी, म्हणजे फॅन आणि पत्रे यांच्या मधे साचत जातं आणि कोटाच्या अस्तरासारखा एक सलग थर तयार होतो. बाहेरून टॉर्च मारून जाळी चकचकीत दिसेल, थर आतल्या बाजूला असतो त्यामुळे तो दिसतच नाही. बरेचसे प्रोसेसर 95-100 च्या घरात गेले की स्वतःच स्पीड कमी करतात, तुमची ती गोगलगाय तीच, आणि तरीही भागलं नाही तर जीव वाचवायला मशीन बंद करतात.

उघडण्याआधी एक बघून घ्या, टास्क मॅनेजरमधे एखादा प्रोग्राम सारखा प्रोसेसर खात नाहीये ना. तसं काही नसेल तर खुशाल उघडा, जमेल.

खालच्या स्टिकरवर पूर्ण मॉडेल नंबर असतो तो घेऊन त्याच मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल शोधा, डेल, एचपी, लेनोवो यांच्या बऱ्याच मॉडेलची मॅन्युअल फुकट मिळतात आणि त्यात कुठला स्क्रू कुठे ते चित्रासकट दिलेलं असतं. व्हिडिओपेक्षा ते बरं कारण व्हिडिओ बहुतेक वेळा जवळपासच्या मॉडेलचा निघतो. स्क्रू ड्रायव्हर पीएच-0 आणि पीएच-00 (अधिक चिन्हाच्या टोकाचे, लहान मापाचे) असे दोन्ही ठेवा, काही मशीनना टॉर्क्स टी-5 (चांदणीच्या टोकाचा) लागतो. डोकं बरोबर बसत नसेल तर जोर लावू नका, स्क्रूची खाच गेली की पुढचं सगळं अवघड होऊन बसतं.

कागदावर लॅपटॉपच्या तळाचा चौकोन काढून जो स्क्रू जिथून निघाला तिथेच चिकटपट्टीने लावून ठेवा. हे वेळखाऊ वाटतं पण कराच, कारण स्क्रूंची लांबी सारखी नसते आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो वरचं प्लास्टिक फोडतो नाहीतर बोर्डाला लागतो. सगळे स्क्रू काढूनही एखादी बाजू उचलत नसेल तर रबरी पायांच्या खाली किंवा स्टिकरखाली एखादा लपलेला असतो. कव्हर सोडवायला गिटारची प्लास्टिकची पिक किंवा जुनं कार्ड घ्या, स्टीलची पट्टी नको. क्लिपा निघताना कटकट आवाज येतो, तो येणारच.

कव्हर निघालं की पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. ते झाल्याशिवाय आत बोटसुद्धा लावू नका. वायरी धरून ओढायचं नाही, कनेक्टरची प्लास्टिकची कड धरून ज्या दिशेने तो सरकतो तिकडे हळूच सरकवायचा, मग पॉवर बटण 15-20 सेकंद दाबून धरायचं म्हणजे बोर्डात उरलेला करंट निघून जातो. मग फॅनचे दोन-चार स्क्रू आणि त्याची छोटी वायर काढा, बऱ्याच मॉडेलमधे फॅन एकटा निघतो, तांब्याच्या पट्टीला हात लावावा लागत नाही. तो थर चिमट्याने धरून शक्यतो अख्खा ओढून काढा, बाहेरच्या बाजूला ढकलू नका नाहीतर फटींत घट्ट बसेल. मग मऊ कोरड्या ब्रशने पत्रे आणि फॅनची पाती साफ करा.

रिबन केबलची भीती वाटणं साहजिक आहे पण फॅनपर्यंत जायला बहुतेक मॉडेलमधे तिला हात लावायची वेळच येत नाही. फक्त ज्या मशीनमधे कीबोर्डच्या बाजूने उघडावं लागतं तिथे सांभाळा, कव्हर एकदम उचलायचं नाही, थोडं वर करून खाली केबल आहे का बघायचं. असली तर तिच्या सॉकेटला एक बारीकशी पट्टी असते ती नखाने वर केली की केबल आपोआप सुटते.

रात्रपाळी:
एवढं उघडायची गरज नाही हो. स्प्रे एअरचा डबा घ्या, जाळीतून चार झोत मारा, सगळी धूळ निघते. माझ्या लॅपटॉपला मी हेच करतो आणि फरक पडतो.

उलटा_स्क्रू:
रात्रपाळी, भुरभुरीत धूळ असेल तर पडतो फरक, नाही म्हणत नाही. पण यांच्याकडे हवा जवळजवळ बंद झालीय म्हणजे थर जमलाय. बाहेरून झोत मारला की तो थर मागे फॅनवर पडतो आणि फॅन सुरू झाला की पुन्हा तिथेच येऊन बसतो, दोन दिवस बरं वाटतं मग होतं तसं. शिवाय झोताने फॅन त्याच्या नेहमीच्या स्पीडपेक्षा कितीतरी जोरात फिरतो, बेअरिंगची वाट लागते. मारायचाच तर पात्यात काडी अडकवून फॅन फिरू न देता मारा आणि डबा उभाच धरा, आडवा केला की आतला द्रव बाहेर येतो. व्हॅक्यूम क्लीनर मात्र बोर्डाजवळ नकोच, त्याच्या नळीला स्टॅटिक चार्ज येतो.

तांब्याची_तार:
पेस्टबद्दल मी सांगते. पहिल्यांदाच उघडताय तर पेस्टच्या भानगडीत आत्ता पडू नका, आधी नुसती धूळ काढा आणि पुन्हा मोजा. धूळ की पेस्ट हे ओळखायची माझी पद्धत अशी की काम दिल्यावर आकडा मिनिटभरात हळूहळू चढला आणि हवा मंद पण चांगली गरम लागली तर धूळ, आणि काम देताच दोन-तीन सेकंदांत 95 च्या पुढे उडी मारली पण बाहेरची हवा जोरात आणि कोमटच येतेय तर पेस्ट वाळलीय, उष्णता चिपमधून तांब्यापर्यंत पोचतच नाहीये.

पुढे कधी बदलायची झालीच तर हीटसिंकच्या (म्हणजे त्या तांब्याच्या पट्टीच्या) स्क्रूंजवळ 1, 2, 3, 4 असे आकडे बहुधा छापलेले असतात, बसवताना त्या क्रमाने आणि काढताना उलट्या क्रमाने, एकेक स्क्रू थोडा थोडा पिळत. एकच स्क्रू पूर्ण आवळून मग दुसरा असं केलं तर चिपच्या उघड्या काचेरी पृष्ठभागावर एका कोपऱ्यात दाब येतो आणि तो तडकू शकतो. जुनी पेस्ट 90 टक्क्यांच्या वरच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. शेजारी मऊ रबरासारखे पॅड असतात त्यांना पेस्ट हा पर्याय नाही, त्यांची जाडी ठरलेली असते, फाटले तर त्याच जाडीचे आणावे लागतात. आणि आत पेस्टऐवजी पाऱ्यासारखं चकाकणारं काही दिसलं तर ते लिक्विड मेटल आहे, ते वीज वाहून नेतं, बोर्डावर थेंब पडला तर शॉर्ट. तसं दिसलं तर तिथेच थांबा, गुपचूप बंद करा.

पावसाळी_ढग:
उघडला! मॅन्युअल मिळालं, त्यात फॅन एकटा निघतो असंच होतं. थर खरंच अख्खा निघाला, करड्या रंगाचा, चांगला जाड, बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. आता नुसता चालू असताना 45-48 आणि एक्स्पोर्टला 84-85 च्या वर जात नाही, हवा पण मस्त जोरात येते. मधे स्पीड पडणंही थांबलं. पेस्टला हात लावला नाही.

पण एक वेगळंच दिसलं. बॅटरीचा एक भाग मधून किंचित फुगल्यासारखा वाटतोय, शेजारच्या भागाइतका सपाट नाही. आणि टचपॅडचं क्लिक गेले काही दिवस घट्ट झालं होतं ते यामुळेच का? चालवत राहू का?

तांब्याची_तार:
हो, यामुळेच. फुगलेली बॅटरी खालून टचपॅडला दाबते. चालवू नका, किंचित असली तरी नको, आत गॅस तयार झालेला असतो आणि तो फुगवटा परत बसत नाही. बॅटरी सतत गरम राहणं हे फुगण्याचं एक मोठं कारण आहे, म्हणजे तुमच्या त्या धुळीचाही यात हात असणार.

आता चार्जिंग बंद. आत्ता चार्ज भरलेला असेल तर लगेच उचकटायच्या मागे लागू नका. स्क्रूने बसवलेली असेल तर कनेक्टर काढून सावकाश बाहेर घ्या, दाबायची नाही, वाकवायची नाही, भोक तर अजिबात पाडायचं नाही, लिथियम बॅटरी टोचली गेली तर पेट घेऊ शकते. गोंदाने चिकटवलेली असेल तर मात्र स्वतः खरवडू नका, ते रिपेअरवाल्याकडेच द्या. काढलेली बॅटरी कागद, कपडे यांच्यापासून लांब, फरशीवर ठेवा आणि लवकरात लवकर ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, घरच्या कचऱ्यात नाही.

पावसाळी_ढग:
चार स्क्रूवर आहे, गोंद नाही. कनेक्टर तर काढलेलाच आहे, आता बाहेर घेतो. नवीन येईपर्यंत नुसत्या अॅडॅप्टरवर चालेल का?

उलटा_स्क्रू:
बहुतेक चालतात. काही मॉडेल बॅटरी नसताना प्रोसेसरचा स्पीड मुद्दाम कमी ठेवतात, काहींचं घड्याळ चुकतं, आणि वायर निघाली की मशीन त्याच क्षणी बंद, तेव्हा काम सारखं सेव्ह करत राहा. नवी घेताना जुन्या बॅटरीवर छापलेला पार्ट नंबर आणि व्होल्टेज दोन्ही जुळवून घ्या, नुसत्या मॉडेलच्या नावावर जाऊ नका, एकाच मॉडेलला दोन वेगळ्या कनेक्टरच्या बॅटऱ्या असू शकतात.