प्रतिसाद: दगड टाकून विहिरीची खोली काढताना

विहिरीत दगड सोडायचा, ‘डुबुक’ ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजायचे आणि त्यांच्या वर्गाला 4.9 ने गुणलं की पाणी किती मीटर खाली आहे ते कळतं, असं मूळ लेखात म्हटलंय. दगड सोडल्यापासून 3 सेकंदांनी ‘डुबुक’ ऐकू आलं, तर 4.9 गुणिले 9, म्हणजे 44 मीटर, हे तिथलं गणित सूत्राप्रमाणे बरोबर आहे. पण त्या 3 सेकंदांत आवाज वर यायचा वेळही मिसळलाय. आवाजाचा वेग सेकंदाला 340 मीटर धरला तर दगड खरा पडतो साधारण 2.88 सेकंद, आणि पाणी निघतं 40.6 मीटरवर. साडेतीन मीटरचा फरक! हवेचा रोध तर यात धरलेलाच नाही.

मात्र आपल्याकडच्या साध्या विहिरींना आवाजापेक्षा स्टॉपवॉच दाबणारा आपला अंगठा जास्त नडतो. गावच्या वापरात नसलेल्या विहिरीवर (पिण्याच्या पाण्यात दगड टाकू नका, कृपया) मी भाचीबरोबर हे करून पाहिलं. दोर सोडून मोजलं तर पाणी 12 मीटरवर. मोबाइलच्या स्टॉपवॉचने वेळ मात्र 1.4 ते 1.8 सेकंद अशी काहीही येत होती, म्हणजे खोली 9.6 पासून 15.9 मीटरपर्यंत! कारण सरळ आहे: पाण्याला लागताना दगडाचा वेग सेकंदाला 15 मीटरच्या वर असतो, त्यामुळे वेळेतल्या 0.2 सेकंदाच्या चुकीने खोली 3 मीटरने चुकते. मग दगड सोडतानाचा हात दिसेल असा व्हिडिओ घेतला आणि हात सुटल्यापासून आवाजापर्यंतच्या फ्रेम (व्हिडिओतली एकेक स्थिर चित्रं) मोजल्या. सेकंदाला 30 फ्रेम असतात, त्यामुळे एका फ्रेमची चूक फक्त अर्ध्या मीटरची. मुलांकडून करून घ्यायचं तर असंच घ्या.