कामात जीव कधी लागला? सॉफ्टवेअरवाल्यांनो, अनुभव सांगा

काल गावाहून येताना चहाला थांबलो, शेजारीच दूध संकलन केंद्र होतं. किटल्यांची रांग आणि आतून त्या छोट्या प्रिंटरचा कर्रर्र आवाज. चहा तसाच राहिला माझा.

2009 साली माझी पहिली नोकरी असल्याच केंद्रांचं सॉफ्टवेअर करायची होती. मित्र हिंजवडीत लागलेले, आणि मी फलटण-बारामती पट्ट्यात एसटीने फिरत वजनकाट्याची केबल सिरीयल पोर्टला नीट बसली का ते बघत. रोज वाटायचं सोडून द्यावं.

एकदा एक आजी दहा-बारा पावत्या घेऊन आल्या. "बाळा, 4.1 फॅट लागलं की दर 4.0 चाच पडतोय. 4.2 ला बरोबर हाय." मी मानायलाच तयार नव्हतो. रात्री कोड उघडला. फॅटला 100 ने गुणून दरपत्रकातली ओळ शोधत होतो. कॉम्प्युटरला 4.1 नेमका मांडता येत नाही, गुणाकार यायचा 409.999 असा काहीतरी, पुढचे आकडे छाटले की 409, म्हणजे खालचीच ओळ. लिटरमागे काही पैसेच, पण रोज दोन वेळचं दूध, आणि तेही गावातल्या सगळ्यांचं. पहाटे पाचला जाऊन नवी फाईल टाकली, मागच्या बिलांतला फरकही काढून दिला. आजींनी नवी पावती बल्बखाली धरली, आकड्यांवरून बोट फिरवलं आणि माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

नोकरी सोडायचं त्यानंतर डोक्यातून गेलं ते गेलंच. तुमचं कधी झालं असं? नसेल झालं तर तेही लिहा.

कोबोलवाला: वा! आमचं 98-99 सगळं वायटूकेत गेलं. वर्षाचे दोन आकडे होते ते चार करायचे, दीड वर्ष तेच काम. 99 नंतर 00 आलं की मुदतठेवीचं व्याज उलटं मोजलं जाणार होतं. शिवाय 100 ने भाग जातो म्हणून कोणीतरी 2000 चा 29 फेब्रुवारीच उडवलेला, 400 ने भाग गेला तर तो दिवस राहतो हा नियम विसरून, तो मला सापडला. 31 डिसेंबरला रात्री आम्ही अकरा जण मशीनपुढे बसून होतो. बारा वाजले, पाच मिनिटं गेली, काहीच बिघडलं नाही. घरी म्हणाले मग दीड वर्ष करत काय होतास? ती पाच मिनिटं मला अजून आठवतात.

कोयनाकाठ: कुकर लावून लिहितेय, चुका पोटात घाला. मी टेस्टर. लेकीसाठी 4 वर्षं घरी होते, परत आले तेव्हा हात थरथरायचे. पहिलंच काम एका मराठी फॉर्मचं. "कऱ्हाडे" आडनाव यादीत दिसतंय पण शोधलं की मिळत नाही. सगळे म्हणाले युजरची चूक. मी एकेक अक्षराचा युनिकोड, म्हणजे कॉम्प्युटरमधला त्याचा क्रमांक, काढत बसले. हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाईप होतो, एकात ऱ ला हलंत, दुसऱ्यात साध्या र ला हलंत आणि पुढे न दिसणारा जोडक. डोळ्यांना दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला वेगळे. म्हणजे कऱ्हाडे, गोऱ्हे, वऱ्हाडे कोणाकोणाचे अर्ज अडकले असते बघा! त्या दिवशी रिक्षात रडले मी, आनंदाने. शिट्टी झाली, येते.

वऱ्हाडी_ठेचा: @कोयनाकाठ ताई, माह्या आडनावातही हाच र हाय हो! बँकेत दरवेळी दोन खाती निघतात माही. आता समजलं.

सह्यवेडा: माझं नाही झालं असं. 14 वर्षं जावा लिहितोय, मनापासून नीट लिहितो, पण जीव गडांवरच आहे. घराचा हप्ता या कामावर जातो, शनिवारी पहाटे राजगडच्या वाटेला लागतो. मला हे पुरतं. कामावर प्रेम असलंच पाहिजे असं नवीन पोरांना सांगू नका, ती उगाच स्वतःला कमी समजतात.

रात्रपाळी: मी काय लिहू. 6 वर्षं झाली, आठवड्याआड ऑनकॉल, म्हणजे सिस्टीम बिघडली की रात्रीही फोन घ्यायची पाळी, फोन वाजला नाही तरी तीनला जाग येते. पूर्वी स्वतःसाठी काहीबाही बनवायचो, आता लॅपटॉप उघडावासाच वाटत नाही. तुमचं वाचून बरं वाटलं आणि वाईटही.

कोबोलवाला: @रात्रपाळी मित्रा, आधी झोपेचं डॉक्टरांना दाखव. आवड नंतर बघू. साठलेली रजा असेल तर सलग घे, एकेक दिवस नको.

कोयनाकाठ: @रात्रपाळी दादा, जेवता ना वेळेवर? टीमला सांगा पाळ्या वाटून घ्यायला. सांगितल्याशिवाय कळत नाही कोणाला.

रात्रपाळी: सोमवारी बोलतो. थँक्यू.

पेंडवाला: मी सॉफ्टवेअरवाला नाही, घरी 9 जनावरं आहेत म्हणून विचारतो. आजींची गाय होती ना? म्हशीला 4.1 लागत नाही, सहाच्या पुढे लागतं. आणि गायीला 4.1 म्हणजे चारा चांगला होता आजींचा.

धागाकर्ता: @पेंडवाला गायीच, दोन. एकीचं नाव चांदणी. चारा कुठला ते विचारायचं राहिलं, पण गोठ्यामागे कडवळ उभं होतं एवढं आठवतंय.