मदत हवी आहे: राउटरवरून फक्त इन्स्टाग्राम बंद कसं करायचं? (अर्जंट)

कळंब्याचा मामा
घरच्या वायफायवर फक्त इन्स्टाग्राम बंद करायचंय, बाकी सगळं चालू राहिलं पाहिजे. राउटरच्या पेजवर गेलो, पासवर्ड टाकला, आत शिरलो, पुढं काय दाबायचं कळंना झालंय. भाची परीक्षेला बसतीय, दिवस थोडे राहिलेत. सल्ले नकोत, समुपदेशन नको, फक्त कुठलं बटण ते सांगा. आजच्या आज पाहिजे.

वायरमन
राउटर कुठला? केबलवाल्यानं दिलेला की विकत घेतलेला? केबलवाल्याच्या डब्यात निम्मे ऑप्शन त्यांनीच झाकून ठेवलेले असतात. आत 'पॅरेंटल कंट्रोल' किंवा 'यूआरएल फिल्टर' असं काही दिसतंय का बघा.

तांबडापांढरा
परीक्षा कुठली ते तरी सांगा. दहावी, बारावी, सीईटी, पोलीस भरती?

कळंब्याचा मामा
परीक्षेचा आणि राउटरचा काय संबंध? डॉक्टरकीच्या प्रवेशाची 'नीट' परीक्षा आहे, मे महिन्यात. राउटर केबलवाल्याचा, पांढरा, दोन एरियल.

वायरमन
दोन एरियलचे पांढरे राउटर निम्म्या कोल्हापुरात आहेत. खाली स्टिकर असतो, त्यावरचा मॉडेल नंबर टाका.
आणि एक सांगा, तिच्या फोनमध्ये सिम आहे का? असेल तर वायफाय अडवून उपयोग काय? बहुतेक रिचार्जमध्ये रोजचा दीड-दोन जीबी डेटा मिळतोच. इकडं तुम्ही अडवलं की तिकडं ती मोबाइल डेटा चालू करणार.

कळंब्याचा मामा
सिम आहे. ती आमच्याकडं राहते, घर चंदगड तालुक्यात आहे. आईबापाचा फोन यायला नको का?

निशिगंध
मग राउटर सोडा, ॲपमध्येच सोय आहे. १८ वर्षांखालच्या मुलांचं खातं इन्स्टाग्राम 'टीन अकाउंट' म्हणून धरतं. भारतात हे २०२५ च्या फेब्रुवारीत सुरू झालं. तासभर झाला की 'आता पुरे' अशी आठवण येते, रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद राहतात आणि १६ च्या आतल्या मुलांना या गोष्टी सैल करायच्या तर पालकांची परवानगी लागते. मी माझ्या मुलीला लावलंय. पहिले चार दिवस आदळआपट, नंतर सवय.

कळंब्याचा मामा
भाचीला १८ पूर्ण झालीत. मागच्या वर्षी पण दिली होती, यंदा रिपीट करतीय.

निशिगंध
अहो, मग हे पहिल्या ओळीत नको का लिहायला? सज्ञान मुलीच्या खात्याला कुठलंच पालक-कुलूप लागत नाही. ती स्वतःहून फोनमध्ये टायमर लावेल तेवढाच.

भवानी मंडप
आमच्या आजोबांच्या पिढीची खेड्यातली पोरं शिकली ती शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींची बोर्डिंगं काढली म्हणून. दाटीवाटीनं राहायची, जमेल तशा उजेडात वाचायची. मोबाइल दिला होता का त्यांना कुणी? आताच्या मुलांना सगळं आयतं मिळतं आणि वर ताण ताण म्हणून ओरडतात.

तांबडापांढरा
काका, १९०१ साली मोबाइल कुणाकडंच नव्हता.

भवानी मंडप
मुद्दा कळला नसेल तर बोलू नये. ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०२५ पासून १६ च्या आतल्यांना सोशल मीडिया बंद केलाच की नाही? त्यांना अक्कल नाही काय?

तांबडापांढरा
पोरगी अठराची आहे आणि चंदगडची आहे. ऑस्ट्रेलियाचं काय घेऊन बसलाय.

सिस्टर
मामा, एक साधा प्रश्न कुणीच विचारला नाही. ती इन्स्टावर करते काय? रील बघत बसते, कुणाशी बोलते, का आणखी काही?

कळंब्याचा मामा
बरं, सांगतो. रील बघत बसली असती तर एवढं डोकं लावलं नसतं, आमचं धाकटंबी बघतंय. ही बघत नाही, टाकते. अभ्यासाचं अकाउंट काढलंय. पहाटे साडेचारला टेबल, दिवा, चहाचा कप आणि घड्याळ. रात्री परत घड्याळ, 'आज १३ तास झाले'. मधी हायलायटर मारलेल्या पानांचे फोटो. नाव घातलेलं नाही, तोंडही दाखवत नाही, तरी चार हजाराच्या आसपास लोकं बघतात. आम्हाला पत्ताच नव्हता. बायकोच्या फोनवर आपोआप आलं, 'यांना तुम्ही ओळखत असाल' म्हणून. टेबल आमचं, भिंतीवरचं दूध संघाचं कॅलेंडर आमचं, लगेच कळलं.
आता खरी भानगड. रविवारी क्लासची टेस्ट असते. त्याचे मार्क मेसेजनं तिच्या वडिलांना जातात, ते मला पुढं पाठवतात. ती पण इन्स्टावर मार्क टाकते. काही आठवडे झाले, दोन्ही आकडे जुळंनात. ७२० पैकी क्लासचा ४७१, तिचा ५६१. मग क्लासचा ४५८, तिचा ५८०. खालच्या कॉमेंटमधी सगळी 'ताई, भारीच' आणि 'ताई, केमिस्ट्री कशी केलीस सांगा'. ती उत्तरं पण देते.
वडील काजूच्या कारखान्यात आहेत. त्यांना खरे मार्क ठाऊक आहेत, ते एका शब्दानं बोलत नाहीत. मी कुठल्या तोंडानं विचारू? म्हणून म्हटलं ॲपच बंद पडू दे, विषय मिटला. म्हणून राउटर विचारला.

तांबडापांढरा
म्हणजे वडिलांना खरं सांगतीय आणि अनोळखी चार हजार लोकांना खोटं. उलटं असतं तर काळजी होती. मला तरी यात काही बिघडलेलं दिसत नाही.

निशिगंध
कसं बिघडलेलं नाही? त्या चार हजारांत असलीच मुलं असणार. ५८० बघून त्यांचं काय होत असेल? तीपण कुणाचं तरी असंच बघून टाकायला लागली असेल.

बायोवाले सर
मी इथं बरीच वर्षं नीटच्या मुलांना जीवशास्त्र शिकवतो, म्हणून आकड्यांबद्दल बोलतो. ४५८ म्हणजे सगळं संपलं असं कुणी ठरवलं? नीटचे मार्क एका वर्षाचे दुसऱ्या वर्षाला लावताच येत नाहीत. २०२४ ला आधी ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते, सुधारित निकालात ते १७ वर आले. २०२५ ला फिजिक्सनं भल्याभल्यांना घाम फोडला, देशात पहिला आलेल्याला ६८६ होते. १८० मिनिटांत १८० प्रश्न. मग ४५८ चं चांगलं-वाईट पेपर बघितल्याशिवाय कसं सांगणार? क्लासच्या टेस्ट तर मुद्दाम अवघड काढतात. तिची रँक बॅचमध्ये कुठं आहे ते बघा, आणि उणे किती गेले ते बघा. बरोबरला चार, चुकलं की एक वजा. दिवसाला १३ तास बसून मार्क उतरत असतील तर बहुतेक मुलं दमलेल्या डोक्यानं ठोकून देत असतात.
राउटर बंद करून केमिस्ट्री सुधारत नाही.

जुना उमेदवार
सर, मार्क फुगवून सांगायला मुलं शिकली कुणाकडून? निकाल लागला की राजारामपुरीपासून रंकाळ्यापर्यंत फ्लेक्स. एकच पोरगं तीन क्लासांच्या फ्लेक्सवर मी स्वतः बघितलंय. एकाकडं बारावी केली, दुसऱ्याकडं टेस्ट दिल्या, तिसऱ्याकडं नुसता सत्काराचा फेटा बांधून घेतला.

बायोवाले सर
सगळे क्लास तसे नाहीत.

जुना उमेदवार
सगळे नसतील. पण दर रविवारी बॅचच्या ग्रुपवर रँकची यादी फोटोसकट पडते का नाही तेवढं सांगा.

बायोवाले सर
पालकच मागतात.

जुना उमेदवार
झालं मग. मी एमपीएससी केली, पुण्यात आणि इथं. पूर्व परीक्षा निघाली त्या आठवड्यात गावात वेशीवर माझा फ्लेक्स. फक्त पूर्व! मुख्य राहिली, मुलाखत राहिली, तरी 'भावी अधिकारी'. मुख्यला गेलो तो उडालो. फ्लेक्स तसाच. पावसानं तो फाटेपर्यंत मी गावात दिवसा शिरत नव्हतो. आता एका पतसंस्थेत आहे, बरं चाललंय. पण त्यावेळी कुणी विचारलं की 'चाललंय की, मुख्यचा अभ्यास जोरात' असंच सांगायचो. इन्स्टा नव्हतं म्हणून तोंडी सांगायचो एवढंच.
२०२५ ला यूपीएससीचा निकाल लागला तेव्हा आपल्या कागल तालुक्यातल्या यमग्याचे बिरदेव डोणे ५५१ वे आले. मेंढपाळाचं पोर, मला पण भरून आलं. पण मोबाइल उघडला की फेटा, मेंढरं आणि गाणं. ते पुण्यात इंजिनिअरिंग शिकले, पुढं किती वर्षं काढली, ते त्या तीस सेकंदांत बसत नाही. बघणाऱ्या बापाला वाटतं, मेंढरं राखून होतंय तर आमच्याला काय धाड भरलीय?

भवानी मंडप
अशी उदाहरणं बघूनच पोरं पेटून उठतात. त्यात वाईट काय?

तालमीतला
पेटून कशाला उठतीत, झोपू द्या की त्यांना. एवढी चर्चा चाललीय, पोरगी मैदानावर किती जाते ते सांगा. संध्याकाळी रंकाळ्याला दोन फेऱ्या मारल्या तरी डोकं ताळ्यावर येतं. आमच्या पेठेत पोरं बारावीच्या वर्षीसुद्धा शाहू स्टेडियमची मॅच चुकवत नव्हती.

तांबडापांढरा
आणि बारावीत किती पास होत होती?

तालमीतला
तू कुठल्या तालमीचा ते आधी सांग.

सिस्टर
भांडा तुम्ही. मामा, माझे प्रश्न वेगळे आहेत. झोप किती? जेवते का नीट? आधी जे आवडायचं ते सोडून दिलंय का? घरी फोन करते का, की टाळते? 'माझ्यामुळं सगळ्यांना त्रास' असलं काही बोलते का?

कळंब्याचा मामा
झोप रात्री दोनच्या पुढं आणि पहाटे साडेचारचा फोटो असतोच. जेवण ताटात राहतंय. गावाकडं आधी रोज बोलायची, आता आईचा फोन आला की 'टेस्ट आहे' म्हणून ठेवते. शेवटचं जे विचारलं ते एकदा मामीला बोलली होती, 'पप्पांचे पैसे गेले माझ्यावर'.
वेडीबिडी नाहीये हो ती. हुशार आहे.

सिस्टर
वेडी कोण म्हणालं? दोन-अडीच तास झोपणारा माणूस, मग तो पैलवान का असेना, महिन्याभरात ढेपाळतो. पाठ केलेलं डोक्यात पक्कं बसायलाही झोपच लागते.
मामींना सांगा, एकटी असताना सरळ विचारायचं: 'जीव नकोसा वाटतो का? मरावंसं वाटतं का?' असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलतो. 'हो' म्हणाली तर तिला एकटं ठेवायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडं न्यायचं. सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे. फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानस, १४४१६. सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तिनंच लावायला हवा असं नाही, तुम्ही स्वतःसाठी लावून 'हिच्याशी कसं बोलू' एवढं विचारलंत तरी चालतं.

निशिगंध
मानसोपचार म्हटलं की घाबरेल ती. त्यापेक्षा ध्यानाचं एक ॲप आहे, मुलीला फार फरक पडला.

वायरमन
म्हणजे फोनचा त्रास म्हणून फोनमध्ये आणखी एक ॲप.

दुसऱ्यांदा नीट
मी वाचतच होते, लिहिणार नव्हते. मीपण रिपीटर आहे. तुमच्या भाचीचं अकाउंट कुठलं ते मला माहीत नाही, पण असली पन्नास तरी बघते.
मामा, बंद नका करू. बारावी झाली की कॉलेज संपतं. मैत्रिणी बीएस्सीला, फार्मसीला, कुणी पुण्याला. त्यांच्या स्टोरीवर फ्रेशर्स पार्टी आणि आपण त्याच खोलीत तेच पुस्तक. लग्नकार्यात कुणी विचारलं 'काय करतीस' तर सांगायला काही नसतं. 'रिपीट' म्हटलं की तोंडावर लगेच कीव दिसते. त्या अकाउंटवर तेवढं तरी असतं की आज मी बसले होते आणि कुणीतरी बघितलं. घरचे फक्त रविवारी मार्क विचारतात, बाकीचे सहा दिवस कुणी काही विचारत नाही.
आकडा का वाढवते तेही सांगते. एकदा चांगले पडलेले असतात, ते टाकलेले असतात. पुढच्या टेस्टला १०० कमी आले तर चार हजार लोकांपुढं उतरायचं कसं? ५६१ लिहिलं की पुढच्या वेळी त्याच्या वरच लिहावं लागतं. मी हे केलंय म्हणूनच सांगते. मला कुणी पकडलं नाही, मीच मार्क टाकायचे बंद केले. लिहिलं, 'आजपासून मार्क टाकणार नाही, फक्त चुका टाकणार'. थोडे लोक गेले. कुणाला काही फरक पडला नाही.
मामीनं बघितलंय हे मात्र एवढ्यात सांगू नका, प्लीज. आणि वडिलांना म्हणावं, त्या मेसेजवर काहीतरी बोला. ते गप्प आहेत याचा अर्थ तिनं काय काढला असेल ते तिलाच माहीत.

बायोवाले सर
चुका टाकणं ही कल्पना उत्तम आहे. चुकांची वही आम्ही करायलाच लावतो.

जुना उमेदवार
आणि रँकची यादी?

भवानी मंडप
बी.फार्मसीला नीट लागते की सीईटी? आमच्या नातवाचं विचारतोय.

तांबडापांढरा
सीईटी, काका. नर्सिंगची पण वेगळी सीईटी असते. फिजिओ आणि आयुर्वेदाला नीट.

कळंब्याचा मामा
दोन दिवसांनी लिहितोय. बायकोचं बोट चुकून एका फोटोवर लागलं, लाल बदाम गेला. सकाळी बघितलं तर तिनं बायकोला ब्लॉक केलेलं. म्हणजे आम्ही बघतोय हे कळलं. घरात कुणीच विषय काढला नाही. दुपारी मामीनं सिस्टरनी सांगितलं तसं विचारलं. 'मरायचं वगैरे काही नाही, झोप येत नाही' म्हणाली. मग खूप वेळ रडली. मार्काचं तिनंही काढलं नाही, मामीनंही नाही.
भाऊजींना फोन केला. ते म्हणाले, 'मी काय बोलणार तिला, मला त्यातलं कळतं काय'. म्हटलं, जेवलीस का एवढं तर विचाराल? रविवारी येतो म्हणालेत.
झोपेसाठी सीपीआरला न्यायचं ठरलंय. ती 'टेस्टनंतर' म्हणते. थांबावं का?

सिस्टर
थांबू नका. उद्या सकाळीच केसपेपर काढा, टेस्ट एक बुडाली तर बुडू दे. मामींना बरोबर पाठवा, तुम्ही बाहेर बसा.

वायरमन
मी बाहेरगावी होतो. मॉडेल नंबर टाकला का?

पाचगावची आई
माझ्या मुलाचंही अगदी असंच चाललंय, काय करावं सुचत नाही. कृपया लवकर उत्तर द्या.

तांबडापांढरा
ताई, नवीन धागा काढा. आणि वय, परीक्षा आणि तो फोनवर नेमकं करतो काय, हे आधीच लिहा.