मदत हवी आहे: बेसचा वळणदार कर्णा खोलीत मावत नाही, प्लायही तडकतो

निपाणीकर:
१२ इंची ड्रायव्हर (कर्ण्याला जोडायचा नुसता स्पीकर) आहे. एफएस म्हणजे त्याची स्वतःची कंपनसंख्या ३२ हर्ट्झ, क्यूटीएस म्हणजे कंपनं किती आवरली जातात त्याचा आकडा ०.२८, व्हीएएस म्हणजे त्याच्या लवचिकतेइतकी हवा ९० लिटर. ४० हर्ट्झपर्यंत वाजणारा एक्स्पोनेन्शियल (ठरावीक अंतराला दुप्पट होत उघडणारा) कर्णा खोलीच्या कोपऱ्यात बसवायचाय. घसा (ड्रायव्हरकडचं अरुंद तोंड) २६५ चौ. सेंमी, रुंदी सगळीकडे ६० सेंमी. हिशेबाने लांबी २.२७ मीटर आणि तोंड ६० × १२२ येतं. एवढी जागा नाही. १.७९ मीटरवर तोडून तोंड ६० × ६० ठेवलं तर? शिवाय ६ मिमी प्लाय वळवताना तडकतो, भिजवला तरी.

खानापूरकर:
तोडू नका. कोपऱ्यात तेवढं तोंड ५७ हर्ट्झपर्यंतच पुरतं. त्याखाली आवाज तोंडापासून मागे फिरतो. एक स्वर धडधडतो, शेजारचा गायब. ५० हर्ट्झ धरून नव्याने आखा. लांबी १.५७ मीटर, तोंड ६० × ७८. उंची दर ३८ सेंमीला दुप्पट: ४.४, ८.८, १७.६, ३५, ७०. ही मापं वळणाच्या मध्यरेषेवर घ्या. आतल्या कडेवर घेतलीत तर कर्णा ठरल्यापेक्षा सावकाश उघडतो, हिशेब फसतो. बेस गिटारच्या जाड तारेचा ४१ हर्ट्झ हातचा जाईल, डग्ग्याचं काही अडणार नाही.
ड्रायव्हरच्या मागचा डबा बंद, ४३ लिटर. ड्रायव्हरचं आकारमान वेगळं धरा.

टिळकवाडी:
भिजवून काय होणार, दिशाच चुकतेय. वरच्या थराचे रेषे ६० सेंमी रुंदीच्या बाजूने हवेत. ८ × ४ च्या शीटमध्ये ते बहुधा ८ फुटांच्या बाजूने असतात, म्हणून वळणारी बाजू ४ फुटांतून काढा. ४ फूट म्हणजे १२२ सेंमी, १.५७ मीटरला तेवढा तुकडा पुरणार नाही, सांधा येणारच. ६ मिमीऐवजी ४ मिमीचे दोन थर घ्या, त्यांचे सांधे एकमेकांपासून १५ सेंमी सरकवा. बाजूच्या १८ मिमी फळ्यांवर वळणाच्या रेषेत रीप चिकटवा, दर १० सेंमीला स्क्रू. खालचा थर बसला की मध्ये फेव्हिकॉल लावून वरचा दाबा आणि रात्रभर शिकंजे सोडू नका. पावसाळ्यात दोन रात्री, आपल्याकडे घाटाच्या बाजूला तर नक्कीच.

निपाणीकर:
वळणाच्या मागे पोकळी राहते. वाळू भरू?

टिळकवाडी:
भरा, पत्र्यावर कडक तापवून. ओली राहिली तर प्लाय फुगतो. पण आधी गळती बघा: ३० हर्ट्झचा स्वर हळू लावून मागच्या डब्याच्या सांध्यांवरून उदबत्ती फिरवा. धूर जिथे थरथरेल तिथे सिलिकॉन. ड्रायव्हरच्या झाकणाखाली फोमची पट्टी विसरू नका, फुसफुस बहुतेक तिथूनच येते.