आरएक्स १३५ पाणंदीसाठी तयार करतोय, खाली गुदमरते आणि चढाला जाम झाली. सुरुवात कुठून करू?

काजूबाग_आजरा:

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितोय, जरा लांब होईल पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला अंदाज येणार नाही.

दिवाळीनंतर यामाहाची आरएक्स १३५ घेतली, टू-स्ट्रोक, चार गिअरची. कागद चोख आहेत. रस्त्यावर पळवायला नाही घेतलेली, आमची काजूची बाग गावापासून चार किलोमीटर आत आहे, पाणंदीनं जायचं, मधे दोन ओढे आणि शेवटाला तांबड्या मातीचा खडा चढ, पावसात तिथं बैलाचा पाय पण सरकतो. हलकी गाडी पाहिजे होती, पडली तरी एकट्याला उचलता यावी आणि चुलत्यांच्याकडं लहानपणी आरएक्स १०० होती त्यामुळं मन पहिल्यापासून तिच्यावरच.

आतापर्यंत काय केलंय ते सांगतो. पुढं मागं बटण टायर टाकले, पुढचं मडगार्ड वर घेतलं, हँडल रुंद बसवलं. फिल्टरचा डबा काढून उघडा कोन फिल्टर लावला. सायलेन्सर आधीच्या मालकानंच कापून आखूड केलेला होता, आतली नळी पण नाही. ऑइल पंप त्यानंच काढलाय, मी टाकीत ऑइल मिसळतो, माप असं नाही, अंदाजानं.

आता त्रास. आयडलवरून एक्सलेटर दिला की गाडी गुदमरते, एकदम दम सोडते आणि मग वर गेल्यावर अचानक अशी ओढते की चढाला पुढचं चाक उचलतं. गरम झाली की उलटंच, एक्सलेटर सोडला तरी आवाज खाली येत नाही, आपोआप रेस होत राहते. आणि मागच्या रविवारी चढाला दुसऱ्या गिअरमध्ये अर्ध्या एक्सलेटरवर किट-किट आवाज आला आणि मागचं चाकच जाम. क्लच ओढला म्हणून पडलो नाही. वीस मिनिटांनी किक फिरली, चालू पण झाली.

इथल्या मेकॅनिकनं दोनदा मेन जेट (कार्बेटरमधलं पेट्रोलचं मुख्य भोक) वाढवून दिला. धूर वाढला, प्लग काळाकुट्ट, बाकी काही फरक नाही. आता तो म्हणतोय पोर्टिंग कर (सिलिंडरची भोकं घासून मोठी करायची) आणि २८ मिमीचा कार्बेटर बसव. दहा हजार घालायची तयारी आहे पण गाडीची वाट लागायला नको. सांगा की काय करू.

मावळ_किक:

भावा आधी गाडी चालवणं थांबव. चालू झाली म्हणजे बरी आहे असं समजू नको, एकदा धरलेला पिस्टन परत धरतो आणि तेव्हा क्लच ओढायला वेळ मिळेलच असं नाही. हेड आणि बॅरल (सिलिंडर) उघडून बघ, पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे असतील. आणि पोर्टिंगचं नाव काढू नको आत्ता. पोर्ट मोठे केले की ताकद वर सरकते, तुला ती खाली पाहिजे, चढाला.

जुनं_गॅरेज_सांगली:

मित्रा, तू लक्षणं नीट लिहिलीस म्हणून सविस्तर उत्तर देतो. तीस वर्षं टू-स्ट्रोकच हातात आहेत, आरएक्स १०० नवीन मिळत होती तेव्हापासून (ती १९८५ ते १९९६ निघाली, त्यानंतर तुझी १३५).

प्लग काळा म्हणजे पेट्रोल जास्त, बरोबर? आणि एक्सलेटर सोडल्यावर आवाज खाली न येणं म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. एकाच गाडीत दोन्ही कसं? तर तुझा कार्बेटर एक्सलेटरच्या प्रत्येक टप्प्याला वेगळ्या वाटेनं पेट्रोल देतो. बंद ते अगदी थोडा उघडा असताना पायलट जेट आणि एअर स्क्रू. पाव पासून पाऊण पर्यंत सुई. पाऊणच्या पुढं मेन जेट. मेकॅनिकनं बदललं शेवटचं आणि तुझं दुखणं आहे पहिल्या दोन टप्प्यात. मेन जेट किती वाढवलास तरी आयडलला त्याचा पत्ता पण लागत नाही. हँडलवर पांढरी टेप लाव, मुठीवर एक रेघ आणि शेजारी बंद, पाव, अर्धा, पाऊण, फुल अशा रेघा, मग गाडी कुठल्या रेघेवर नाटक करते ते बघ. एवढं केलं तरी निम्मं निदान होतं, आणि मला खरंच वाईट वाटतं की हे न बघता लोकांना जेट विकत घ्यायला लावतात.

पण तुझ्या बाबतीत जेटला हात लावायच्या आधी हवा कुठून घुसतेय ते शोध. टू-स्ट्रोकचा क्रँककेस (पिस्टनखालचा डबा) हवाबंदच पाहिजे. मॅग्नेटच्या बाजूचा क्रँक सील (क्रँकच्या दांड्याभोवतीची रबरी कडी) गेला की तिथून कोरडी हवा आत जाते, तिच्यात ना पेट्रोल ना ऑइल. एक्सलेटर कमी असताना आत ओढ जास्त असते म्हणून तेव्हाच जास्त त्रास होतो. तुझं गरम झाल्यावर आपोआप रेस होणं अगदी तसलं आहे. क्लच बाजूचा सील गेला असता तर गिअर ऑइल ओढून पांढरट धूर आला असता आणि ऑइलची पातळी उतरली असती, ती पण बघून ठेव. दुसरी शंका ऑइल पंपाची. पंप काढला तेव्हा ऑइलची बारीक नळी जिथं जोडलेली होती ते तोंड कशानं बंद केलंय? ते आधी बघ.

तपासायला महागडं काही लागत नाही. घरात जुनं बीपी मशीन असेल तर त्याचा फुगा आणि काटा घे. कार्बेटर आणि सायलेन्सर उतरव. सायलेन्सरच्या तोंडाला सायकल ट्यूबचा तुकडा आणि वर पत्रा लावून बोल्ट आवळ, इनटेकच्या तोंडात रबराचा बूच आणि त्यातून बीपीची नळी. पिस्टन पूर्ण खाली आण म्हणजे पोर्ट उघडे राहतात आणि वरचं खालचं सगळं एक होतं. आता काटा ३०० पर्यंत ने, ते साधारण ६ पीएसआय होतात, त्याच्यावर जाऊ नको नाहीतर चांगला सील उलटायचा. सहा मिनिटं काटा जवळपास जागेवर राहिला तर इंजिन हवाबंद. उतरला तर साबणाचं पाणी ब्रशनं लाव, बेस पॅकिंग, हेड, रीडचा (इनटेकच्या एकेरी झडपेचा) जोड, मॅग्नेट काढून त्याच्या मागचा सील. क्लच बाजूचा बघायला गिअर ऑइल भरायच्या तोंडाला कान लाव, फुसफुस ऐकू येते.

सायलेन्सरबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर नुसता आवाज दाबायला नसतो. त्याचा मधला फुगीर भाग आणि शेवटचा निमुळता भाग मिळून दाबाची लाट परत पाठवतात, पोर्टमधून बाहेर निघालेलं ताजं मिश्रण ती लाट पोर्ट बंद व्हायच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. कापून आखूड केला की ती लाट लवकर येते, म्हणजे फक्त वरच्या आरपीएमला कामाची. तुझी गाडी खाली मेलेली आणि वर अचानक जिवंत, त्यातला बराच वाटा याचा आहे. मूळ मापाचा शोधून बसव, जुन्या बाजारात मिळतो. आत काजळी साठली असेल तर साफ कर, पोर्टचं तोंड पण साफ कर, पण काही कापू नको. फिल्टरचा डबाही परत लाव, उघड्या फिल्टरनं ओढ्यात पाणी आणि उन्हाळ्यात तांबडी धूळ थेट बोअरमध्ये. फोमला फिल्टर ऑइल लाव.

हे सगळं झाल्यावर मूळ जेट परत टाक आणि मग सेटिंग. इंजिन गरम करून एअर स्क्रू पूर्ण आत घेऊन तिथून दीड आटा बाहेर ठेव. बाहेर सोडला की हवा वाढते, आत घेतला की पेट्रोल वाढतं. जिथं आयडल सगळ्यात वर आणि एकसारखं, तिथं थांब आणि नंतर आयडल स्क्रूनं खाली आण. अर्ध्यावर गुरगुरत बदबदली तर सुईची क्लिप एक खाच वर, म्हणजे सुई खाली बसते. ओढता ओढता पोकळ झाली किंवा किट-किट आली तर क्लिप एक खाच खाली. एका वेळी एकच बदल कर आणि वहीत लिही.

सड्यावरचा:

काकांनी सगळं लिहिलंय, मी ऑइलवर बोलतो कारण "अंदाजानं" वाचून पोटात गोळा आला. ४० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल, म्हणजे ४० ला १, म्हणजे लिटरला २५ मिली, ३२ ला १ म्हणजे ३१ मिली. औषधाच्या बाटलीचं टोपण घे, त्यावर मिली लिहिलेले असतात. मी ३२ ला १ टाकतो, हळू चालते चढाला, एअर कूल्ड आहे, जास्त ऑइल असलेलं बरं.

जुनं_गॅरेज_सांगली:

३२ चालेल पण एक लक्षात ठेव. ऑइल वाढवलं की त्याच लिटरमध्ये पेट्रोल कमी होतं, जेट तोच राहिला तर मिश्रण थोडं लीनच (पेट्रोल कमी) होतं. लोकांना उलटं वाटतं, धूर वाढला म्हणजे रिच (पेट्रोल जास्त) झालं. मी डब्यावर जासो एफडी (टू-स्ट्रोक ऑइलचा दर्जा) लिहिलेलं चांगलं ऑइल ४० ला १ नं टाकतो. काहीही ठरव पण ठरवल्यावर बदलू नको, नाहीतर प्रत्येक टाकीला कार्बेटर सेट करत बसशील.

सड्यावरचा:

मान्य, मी त्यावरच जेट सेट केलाय म्हणून मला चालतं. अजून एक, उतारावर. वरून खाली येताना एक्सलेटर बंद आणि गाडी गिअरमध्ये जोरात फिरतेय, तेव्हा पेट्रोल फारसं जात नाही म्हणजे ऑइल पण फारसं जात नाही. माझ्या भावाची गाडी चढाला नाही, उतारालाच धरली होती. मधून मधून क्लच ओढून हलकी रेस दे.

आणि आजऱ्याच्या बाजूला राहतोस म्हणून हात जोडून सांगतो, बागेची वाट, पाणंद, स्वतःचं रान इथंच चालव. सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळाच्या पठारावर, घालू नको. आमच्याकडं कातळावरच्या मातीचा थर चार बोटं पण नसतो, पावसात त्यावरच सगळी फुलं येतात, बटण टायरनं एकदा चर पडला की पाणी त्यातूनच धावतं आणि थर निघून जातो. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय जायचंच नाही. आणि सार्वजनिक रस्त्यावर यायचं असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कागदावरच्या मूळ गाडीत बदल केलेले चालत नाहीत, मूळ सायलेन्सर बसवायला हे पण एक कारण धर.

मावळ_किक:

टायरची हवा लिहिली नाही कुणी. मातीला १५ ते १८ पीएसआय. त्याच्याखाली गेलास तर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून तुटतो, रिम लॉक (टायर रिमला घट्ट धरणारी पट्टी) बसवून घे मागं. आणि मोठा कार्बेटर घ्यायच्या आधी पुढचं स्प्रॉकेट एक दात कमी करून बघ. १४ चं १३ केलं की ओढ जवळपास आठ टक्क्यांनी वाढते, मागं तीन दात वाढवल्यासारखंच. नंतर चेन चिमट्याला (मागचं चाक धरणाऱ्या फ्रेमला) घासत नाही ना ते बघ, गाडीवर बसून.

काजूबाग_आजरा:

महिन्यानं लिहितोय, माफ करा, काम लांबलं.

आत्याच्या जुन्या बीपी मशीनचा फुगा मिळाला. काटा ३०० वर नेला आणि अर्ध्या मिनिटात १०० च्या खाली! साबणाचं पाणी लावलं तर दोन ठिकाणी बुडबुडे, मॅग्नेटमागच्या सीलला भरपूर आणि पंपाच्या त्या तोंडाला थोडे. ते तोंड एमसीलनं बुजवलेलं होतं आणि त्याला चीर गेलेली. काका तुम्ही न बघता सांगितलंत, मी तिथंच बसून तुमचं उत्तर परत वाचलं.

पिस्टनला ओरखडे होतेच. इंजिन उतरवून दोन्ही क्रँक सील, बेअरिंग, पुढच्या मापाला बोअर, नवीन पिस्टन रिंगा. परत फुगा लावला, सहा मिनिटांत काटा ३०० वरून २९० पर्यंत आला फक्त. सायलेन्सर कोल्हापुरात जुन्या बाजारात मूळ मापाचा मिळाला, गंजलाय पण भोक नाही. फिल्टरचा डबा परत लावला. मेन जेट मूळचा, क्लिप मधल्या खाचेत, एअर स्क्रू एक आटा आणि पाव. ऑइल ४० ला १, टोपणानं मोजून. पुढं एक दात कमी.

पहिल्या दोन टाक्या हळू हळू चालवली, फुल एक्सलेटर दिलाच नाही. काल पहिल्यांदा तो चढ चढलो, मागं खताची अर्धी पिशवी बांधून, पहिल्या गिअरवर, क्लचला हात न लावता. मधेच थांबून परत उचलली तरी गुदमरली नाही. वर जाऊन एक्सलेटर सोडला आणि आवाज सरळ खाली आला, टिंग टिंग टिंग करत, मी बराच वेळ नुसता ऐकत उभा होतो.

एकच राहिलंय, पहाटे धुकं असताना पहिली दहा मिनिटं मिसिंग होते, चोक बंद केला की. ऊन आल्यावर नाही. आणि दुसऱ्या ओढ्यानंतर ब्रेक लागतच नाही.

जुनं_गॅरेज_सांगली:

वाचून फार आनंद झाला रे. पहाटेची हवा गार आणि दाट असते, तेवढ्याच पेट्रोलला हवा जास्त मिळते. थंडी आहे तोवर एअर स्क्रू पाव आटा आत घे आणि चोक बंद करायची घाई करू नको, बॅरलवर हात धरून ऊब कळेपर्यंत थांब. उन्हाळा लागला की परत बाहेर. पाव आट्यानं नाही भागलं तरच पायलट जेटचं बघू, मला इथंच सांग.

ब्रेक ड्रमचे आहेत, आत पाणी गेलं की लायनर धरत नाही. ओढ्यातून बाहेर आल्यावर शंभर पावलं दोन्ही ब्रेक हलके दाबून चालव, गरम होऊन सुकतात. तुझा उतार ओढ्यानंतर लगेच असेल तर थांबूनच सुकव. आणि घरी आल्यावर बॅरलच्या पात्यांमधला चिखल काढत जा, सुकला की तो गोधडीसारखा उष्णता धरून ठेवतो.