ई-पुस्तकाचं मुखपृष्ठ कसं ठरवलंत? सोलापूरकरांनो, अनुभव सांगा

माझी छोटी कादंबरी लिहून झालीय. बंद पडलेल्या गिरणीच्या चाळीतली गोष्ट आहे. अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर स्वतःच टाकणार आहे. मजकूर चारदा तपासला, पण मुखपृष्ठापाशी पंधरा दिवस घोडं अडलंय. एका नमुन्यात गिरणीच्या चिमणीचा फोटो, दुसऱ्यात नुसती अक्षरं. घरात दोन तट पडलेत. ज्यांनी पुस्तक काढलंय त्यांनी काय केलं, काय फसलं ते लिहा. सल्ले पोतंभर मिळालेत, अनुभव हवेत.

साखर पेठेतून

आमच्या घरी वडिलांना नाना म्हणतात. नाना जॅकार्डच्या, म्हणजे मागावरच नक्षी विणलेल्या चादरीचे ग्राफ काढायचे. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवायचं, मग त्याबरहुकूम पुठ्ठ्यांना भोकं पाडायची. माझ्या कवितांसाठी मी मोराचं बारीक रेघांचं चित्र काढून घेतलं होतं. नानांनी चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "फोनवर केवढं दिसणार गं हे?" मी अंगठ्याचं नख दाखवलं. "मग एवढ्यात त्याची मान बसंल का?"

किंडलला २५६० पिक्सेल उंच आणि १६०० रुंद चित्र चांगलं, म्हणजे उंची रुंदीच्या १.६ पट. नानांनी जुना ग्राफ काढला, आडवी २५ घरं, उभी ४० घरं आखली आणि पेन्सिलीनं मोर भरायला बसले. प्रमाण तेच! चोच बसली, तुरा गेला, पिसाऱ्याचा नुसता काळा गोळा झाला. दुपारभर खोडाखोड करून शेवटी एकच पीस राहिलं. तेच मुखपृष्ठावर आहे. चित्रकाराला पैसे पूर्ण दिले. मोर आता भिंतीवर टांगलाय.

जुळे सोलापूर, निवृत्त शिक्षक

माझं पुस्तक सोलापुरातल्या १९३० च्या मार्शल लॉवर, म्हणजे लष्करी अंमलावर, मुलांसाठी. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या चारही हुतात्म्यांचे चेहरे मुखपृष्ठावर हवेत हा माझा हट्ट. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा, यातलं कोणाला वगळू? वर तिरंगा, खाली तुरुंगाचे गज, कोपऱ्यात माझाही फोटो. नातू म्हणाला, "आजोबा, हे पुस्तक नाही, चौकातलं डिजिटल पोस्टर वाटतंय." राग आला, पण खरंच तसं होतं. आता फक्त चार दोर आहेत. चेहरे आतल्या पानांत गेले.

दुसरा घोळ अक्षरांचा. डीटीपीवाल्यानं मजकूर जुन्या, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमधून उचलून चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला, तर नुसती गिचमीड. युनिकोडमध्ये परत टाइप केलं तर 'मार्शल'चा रफार उतरून र चा पाय मोडला. त्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी वेगळी चालू करावी लागते, हे त्यालाही माहीत नव्हतं. तीन खेपा झाल्या. जोडाक्षरं स्वतः वाचल्याशिवाय मी आता होकार देत नाही.

होटगी रोड

आपलं थोडक्यात. हिरव्यावर लाल अक्षरं केली, फोनवर लय भारी दिसालती बे. मित्राच्या काळ्यापांढऱ्या किंडल यंत्रावर बघितलं तर दोन्ही एकाच राखाडी रंगाचे, नावच गायब. मग पांढरं मुखपृष्ठ केलं, ते विक्रीच्या पांढऱ्या पानात मिसळून गेलं, कडाच कळंनात. भोवती तीन-चार पिक्सेलची राखाडी किनार मारली तेव्हा कुठं पुस्तक दिसलं.

बाळ्याहून

माझी चूक सांगायला लाज वाटते, तरी सांगते. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेवरच्या कथा, म्हणून नेटवरून नंदीध्वजांचा, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्यांचा फोटो उचलला. दोन महिन्यांनी फोटोवाल्याचा निरोप आला. भांडला नाही बिचारा, एवढंच विचारलं, "ताई, तुमची कथा मी अशी घेतली तर चालेल का?" त्याच रात्री फोटो काढला. मग पहाटे तलावाकाठी जाऊन स्वतः फोटो घेतले, तर सगळे आडवे! उभे कापल्यावर देऊळ अर्धंच उरलं. परत दुसऱ्या पहाटे गेले. लेखकानं स्वतः काढलेला फोटो म्हणून आता लोक कौतुक करतात, मी गप्प बसते.

कोणीतरी उलटंही बोलायला हवं म्हणून

मी तीनदा मुखपृष्ठ बदललं. ई-पुस्तकाचं बरं असतं, छापलेल्या प्रती रद्दीत जात नाहीत. पहिलं फोनवर फुकटात केलेलं, दुसऱ्याला दोन हजार गेले, तिसरं पुतणीनं काढलं. विक्री तिन्ही वेळा आपल्याच पाहुण्यारावळ्यांत. पुतणीचं ठेवलंय, कारण ती रुसली असती.

धागा काढणारा

सगळ्यांचे आभार. काल दोन्ही नमुने नखाएवढे करून आईला दाखवले. चिमणीकडं बघून ती म्हणाली, "अगरबत्तीचं पुस्तक आहे का रे?" चिमणी बाद. अक्षरं घेतलीत, मुक्ता फॉन्टात, रफार तपासून. घरातले दोन तट आता रंगावरून भांडालेत.